चाळीस मीटर, एक सिलिंडर

मीटरताईला खाणीत सगळे मीटरताईच म्हणायचे. इतकं की तिच्या नवऱ्याची ओळखसुद्धा ‘मीटरताईचे मिस्टर’ एवढीच उरली होती, आणि तो बिचारा त्यालाही ओ द्यायचा.

तिचं काम सांगायला सोपं. खाणीच्या तोंडाशी एक खोली, खोलीत एक रॅक, रॅकवर गॅसचे चाळीस मीटर. मुठीत मावतील एवढे, पट्ट्याला अडकवायचे. कोळशातून गॅस सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आवाज नाही. हवेत तो सव्वा टक्का झाला की काम बंद, वीज बंद, सगळे बाहेर. पाच टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

म्हणून खाली जाणाऱ्यांच्या प्रत्येक टोळीकडे मीटर हवाच, आणि त्या मीटरपुढे रजिस्टरात मीटरताईची सही हवीच. सहीशिवाय मीटर नाही, मीटरशिवाय पिंजऱ्यात पाय नाही. पिंजरा म्हणजे खाली नेणारी लिफ्ट. नियम एकदम कडक. खुद्द मॅनेजर आला तरी नाही.

सही करायच्या आधी ती मीटरच्या तोंडाला सिलिंडरची नळी लावायची. सिलिंडरमध्ये पुरवठा करणाऱ्या कंपनीने मोजून भरलेली हवा, तिच्यात एक टक्का गॅस. तसं वर लेबलच होतं. मीटरने एक दाखवला की पास. जरा कमीजास्त दाखवला की मागचा बारीक स्क्रू फिरवून त्याला एकवर आणायचा. वीस मीटर पहिल्या पाळीबरोबर खाली, वीस रॅकवर चार्जिंगला. अकरा वर्षं हेच. डोळे मिटून करायची.

त्या दिवशी सकाळी सहाला तिचा धाकटा भाऊ खिडकीशी आला. तो बारवाला. म्हणजे कोळसा फोडायला भोकं पाडून त्यात दारू भरायची, सगळ्यांना लांब पाठवायचं आणि किल्ली फिरवून बार उडवायचा. ती किल्ली त्याच्या गळ्यात दोरीला. त्याच्याशिवाय कोणी फिरवायची नाही. त्याला खाणीत चिकटवला होता तिनेच. वर्कशॉपमध्ये टिकेना, दुकानात टिकेना, म्हणून मॅनेजरच्या हातापाया पडून.

“लवकर दे ग. मुकादम डोळे वटारतोय,” तो म्हणाला.

“वटारू दे. नाश्ता केलास?”

“बायकोने केलाय. मी खाल्ला नाही.”

“का?”

“बायकोने केलाय म्हणून.”

मागे रांगेतले दोघं खिदळले. तिने मीटरला नळी लावली. एक. सही. मीटर त्याच्या हातात दिला आणि रोजचं तेच बोलली, “मीटर सांगेल ते ऐकायचं. मुकादम सांगेल ते नाही.”

“हो हो. मीटर म्हणजे ताई आणि ताई म्हणजे मीटर,” असं म्हणून तो गेला.

तर हे रोजचं होतं. रोजचं नव्हतं ते एवढंच, की खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर आठ दिवसांपासून एक माणूस बसलेला असायचा. विद्यापीठातून आला होता. विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवायचा म्हणे. लोकांनी विचारलं, म्हणजे काय करता? तो म्हणाला, आमच्यातले लोक आधी पुस्तकं घेऊन वाद घालायचे, विज्ञान खरं कशामुळे ठरतं म्हणून. आता आम्ही जिथे मोजमाप होतं तिथेच जाऊन बसतो. लोक यंत्रांवर विश्वास कसा ठेवतात, कधी ठेवतात, ते बघतो.

“आणि याचा पगार मिळतो?” खाली पाणी उपसणाऱ्या पंपवाल्याने विचारलं होतं.

“मिळतो.”

“जागा आहे का अजून?”

माणूस साधा होता. पण सवय एक वाईट. तुम्ही काहीही म्हणा, तो विचारणार, “कशावरून?” मीटर बरोबर आहे. कशावरून? सिलिंडरवर तपासला. सिलिंडर बरोबर कशावरून? लेबल आहे. लेबल कशावरून? दोन दिवसांत त्याचं नाव पडलं, कशावरून साहेब. मुकादम तर त्याला बघितलं की लांबूनच ओरडायचा, “गुड मॉर्निंग! आणि कशावरून ते विचारू नका!”

मीटरताईला तो आवडायचा. अकरा वर्षांत तिला तिच्या कामाबद्दल कोणी एवढं विचारलंच नव्हतं. घरी तर मीटर म्हटलं की पोरं उठून जायची.

साडेदहाच्या सुमारास चहा झाला. कशावरून साहेब कपाटापाशी उभा होता. वरच्या फळीवर एक जुना मीटर पडलेला, क्लिप तुटलेली, काचेवर ओरखडे.

“हा का नाही वापरत?”

“तो म्हातारा. जुनं मॉडेल. दोन महिन्यांपूर्वी बाकी सगळ्यांचे सेन्सर बदलले, नवीन टाकले. याला ते बसत नाहीत. म्हणून पडलाय.”

“चालतो?”

“चालायला काय झालं. बघा दाखवते.”

हे तिने अगदी सहज केलं. पाहुण्याला फोटो दाखवावा तसं. म्हाताऱ्याला पंधरा मिनिटं चार्जिंगला लावलं, चालू केला. मोकळ्या हवेत शून्य आलं. बरोबर. मग नळी लावली.

अडीच.

ती हसली. “बघितलंत? बरळतोय. एकच्या जागी अडीच.”

“म्हणजे हा चुकतोय.”

“मग काय. चाळीस मीटर एक म्हणतात, हा एकटा अडीच.”

कशावरून साहेबाने म्हाताऱ्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग ते त्याच्या तोंडून निघालंच.

“कशावरून?”

“अहो आत्ता सांगितलं ना. चाळीस...”

“नाही, तसं नाही. ते चाळीस कोणी जुळवले?”

“मी.”

“कशावर?”

“या सिलिंडरवर.”

“आणि हा म्हातारा?”

“हा आधीच्या. जुन्या सिलिंडरवर. तो संपला, मग हा आला.” असं म्हणता म्हणता तिचा आवाज जरा हळू झाला.

“म्हणजे चाळीस साक्षीदार नाहीत,” तो म्हणाला. तोही आता हळू बोलत होता. “साक्षीदार एकच, सिलिंडर. बाकी चाळीस जणांनी त्याचं ऐकून सांगितलंय. दुसरा साक्षीदार हा म्हातारा. एकास एक झालं, ताई.”

“अहो पण जुना सेन्सर आहे. जुना झाला की बिघडतो.”

“कसा बिघडतो?”

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण उत्तर तिला पाठ होतं. सेन्सर म्हातारा झाला की थकतो. थकला की कमी दाखवतो. दोनचा दीड, दीडचा एक. अकरा वर्षांत तिने शेकडो सेन्सर थकताना बघितले. थकून जास्त दाखवणारा एकही नाही. आणि हा अडीच दाखवत होता.

आता दोन महिन्यांपूर्वीचं तिला सगळं आठवलं. न आठवायला काय झालं, तिनेच केलेलं. नवे सेन्सर आणि नवा सिलिंडर एकाच गाडीतून आले. तिने पहिल्या मीटरला नवा सेन्सर बसवला, नळी लावली. अडीच आला. दुसऱ्याला लावली. अडीच. तिसरा, अडीच. खोक्यात एक छापील चिठ्ठी होती: नवीन सेन्सर सुरुवातीला जास्त दाखवतात, लेबलवरच्या आकड्याला आणून घ्यावेत. मग काय, तिने आणले. एकेक करून, स्क्रू फिरवून, चाळीसच्या चाळीस. रेडिओ लावून. दुपारभर. आणि प्रत्येकापुढे सही.

नवे सेन्सर जास्त दाखवतात ते थोडं. पॉइंट एक, पॉइंट दोन. अडीचपट नाही. चाळीस जण एका सुरात ओरडून सांगत होते, बाई, या सिलिंडरमध्ये अडीच टक्के आहे. तिने चाळीस जणांना गप्प केलं आणि लेबलचं ऐकलं.

“सिलिंडरवर लेबल चुकीचं लागलं असेल तर,” ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली. “तर खाली मीटर एक दाखवतो तेव्हा अडीच असतो.”

कशावरून साहेबाचा चेहरा उतरला होता. “मी तसं म्हणत नाहीये. कदाचित म्हाताराच...”

“आज बार कितीला आहे?” ती त्याला विचारत नव्हतीच. भिंतीवर फळा होता, तिकडे बघत होती. नवा भाग, पश्चिम टोक. बार साडेबारा. बारवाला म्हणून धाकट्याचं नाव. खाली आठवडाभराचे गॅसचे आकडे, मुकादमाच्या अक्षरात. पॉइंट पाच, पॉइंट सहा, पॉइंट सात, पॉइंट नऊ, पॉइंट नऊ. बार उडवायला मर्यादा एक टक्क्याची.

पॉइंट नऊचे अडीचपट तिने मनात केले. सव्वादोन. मग पुन्हा केले, चुकलं असेल म्हणून. सव्वादोनच आले.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मॅनेजरचं ऑफिस अंगणापलीकडे, वरच्या मजल्यावर. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल तो वाईट होता. तो रोज स्वतः खाली जायचा, माणसांना नावाने हाक मारायचा. त्याच्या टेबलावर कंप्यूटर होता, त्यावर खालच्या गॅसची हिरवी रेघ, सपाट, शांत.

त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हातारा हातात घेऊन उलटापालटा केला. क्लिप तुटलेली बघून जरा हसला.

“ताई, हा भंगारात टाकायचा राहिला का?”

“साहेब, जुना झाला की कमी दाखवतो. हा जास्त दाखवतोय.”

“जुना झाला की कमी दाखवतो. पण पडला, आपटला, ओल लागली, की काय दाखवेल सांगता येतं? ही क्लिप कशी तुटली?”

“पडून,” ती म्हणाली.

“बरं. आता हे बघा.” त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. “हा खालचा मोठा सेन्सर, भिंतीवरचा. तो पॉइंट आठ म्हणतोय. तुमचे चाळीस मीटर तेच म्हणतात. एकेचाळीस यंत्रं एका बाजूला आणि हे भंगार एका बाजूला. शास्त्राने विचार करा. कोणाचं ऐकायचं?”

“भिंतीवरचाही मीच जुळवलाय. त्याच सिलिंडरवर. त्याच आठवड्यात.”

मॅनेजरने स्क्रीन परत आपल्याकडे वळवला. मग म्हणाला, “म्हणजे तुम्हाला नक्की माहीत आहे की सिलिंडर चुकीचा आहे?”

“नाही.”

“म्हातारा बरोबर आहे हे नक्की?”

“नाही.”

“मग नक्की काय माहीत आहे?”

तेव्हा दाराशी उभा असलेला कशावरून साहेब बोलला. “सर, पुरावा किती हवा हे चूक झाली तर काय होईल त्यावर ठरवायला लागतं. उगाच थांबवलं तर एक पाळी गेली. थांबवायला हवं असताना नाही थांबवलं तर...”

“तुम्ही कोण?” मॅनेजर म्हणाला, खरं तर त्याला माहीत होतं. “तुम्ही सांगा. छातीवर हात ठेवून. खाली सव्वादोन टक्के आहे?”

त्या माणसाने हातातली वही मिटली. मग म्हणाला, “मी ठामपणे नाही सांगू शकत.”

“बघा.”

“साहेब, फोन करून बार तरी थांबवा,” ताई म्हणाली. “दुसऱ्या कुठून सिलिंडर आणू. दोन-तीन तासांचं काम.”

“भोकं भरून झाली असतील आता. भरलेली भोकं सोडून यायचं नाही, हा पण नियम आहे. आणि वरच्या साहेबांना मी काय सांगू? एका तुटक्या मीटरने अडीच दाखवला?” त्याने डोळे चोळले. रात्रभर झोपला नसावा. “ताई, तुमच्याकडे एक रस्ता आहे. तुम्हालाही माहीत आहे तो. मीटर परत बोलवायचा फॉर्म. तुम्ही लिहा, मीटर चुकीचे जुळवले गेलेत, मी जुळवलेत. सही करा. मग मला विचारायचीही गरज नाही, सगळे वर. पण मग ती चूक तुमची. उद्या चौकशी बसली आणि म्हाताराच बिघडलेला निघाला तर मी तुम्हाला नाही वाचवू शकत. आणि सिलिंडरच चुकीचा निघाला तर...”

तर जास्तच वाईट, हे त्याने सांगितलं नाही. ते सांगायला लागत नव्हतं. दोन महिने साठ माणसं रोज तिच्या सहीवर खाली जात होती.

फॉर्म तिच्याच खोलीत होता, खालच्या खणात. अकरा वर्षांत एकदाही बाहेर काढलेला नाही. ती जिना उतरून अंगण ओलांडून आली तोपर्यंत कशावरून साहेब मागे मागे बोलत होता. “ताई, मी उगाच... मी फक्त विचारत होतो. मला असं...”

“आता गप्प बसा हो जरा,” ती म्हणाली. पण चिडून नाही.

अकरा चाळीस.

तिने आणखी एकदा नळी लावली. रॅकवरच्या एका मीटरला. एक. मग म्हाताऱ्याला. अडीच. एक, अडीच, एक, अडीच. जणू सारखं विचारलं तर दोघांतला एक जण कबूल होईल. मग तिने नळी टाकून दिली. यातून काही कळणार नव्हतं. दिवसभर विचारत बसली असती तरी नाही.

फॉर्मवर कारणाची एक ओळ होती. तिने लिहिलं: ‘सर्व मीटर मी एकाच सिलिंडरवर जुळवले. सिलिंडर बरोबर आहे की नाही मला माहीत नाही.’ खाली सही. रजिस्टरात करायची तशीच, झरझर. मग खाणीत लागणारा फोन उचलला.

खाणीतल्या मुख्य रस्त्यावरच्या, पंपाजवळच्या सगळ्या टोळ्यांना पाच मिनिटांत निरोप गेला. शिव्या ऐकू आल्या. कोणीतरी ओरडलं, आजचा बोनस मीटरताईच्या मिस्टरांकडून घ्या रे! मग पिंजऱ्याची घंटा वाजायला लागली. माणसं वर यायला लागली.

पश्चिम टोकाचा फोन बराच वेळ वाजला. मग मुकादमाने उचलला.

“काय आहे?”

“मीटर परत बोलावलेत. सगळ्यांनी वर या. बार करायचा नाही.”

“भोकं भरलीत. तारा जोडल्यात. साडेबाराची वाट बघत नाही, पाच मिनिटांत उडवतो आणि येतो.”

“नाही! मुकादम, धाकट्याला द्या फोन.”

“अहो ताई, मीटर पॉइंट नऊ...”

“त्याला द्या!”

खरखर झाली. मग धाकट्याचा आवाज. दमलेला. “काय ग? इथे हा माझं डोकं खातोय. तिकडून तू.”

“किल्ली फिरवू नकोस.”

“का? मीटर पॉइंट नऊ म्हणतोय. मर्यादा एकची. तूच म्हणतेस ना, मीटर सांगेल ते ऐक. मग आता कोणाचं ऐकू? तुझं की तुझ्या मीटरचं?”

ती भिंतीला टेकली. हे वाक्य फॉर्मवर लिहिणं सोपं होतं, असं तिला वाटलं.

“मीटरचं ऐकू नकोस,” ती म्हणाली. “तो मी चुकीचा लावलाय. बहुतेक. सगळेच.”

पलीकडे फक्त हवेचा आवाज.

“बहुतेक म्हणजे?”

“म्हणजे मला माहीत नाही.”

“ताई, तू आज सकाळी माझ्या समोर सही केलीस.”

“केली.”

“आणि काल?”

“काल पण. दोन महिने.”

त्याचा आवाज बदलला. मोठा झाला, म्हणजे वयाने मोठा. “किती चुकीचा?”

“अडीचपट. मीटर किती वर धरून बघितलास?”

“खांद्याएवढा. नियम आहे तेवढा.”

“काठीला बांध आणि छताशी धर.”

तो गेला. मुकादमाची कुरकुर ऐकू येत होती, अहो काय पोरखेळ लावलाय, बायकांच्या फोनवर बार थांबवायचे का आता. तिने घड्याळाकडे बघायचं टाळलं. कशावरून साहेब भिंतीला पाठ लावून उभा होता, हातातली वही उघडी, लिहीत काही नव्हता.

“ताई.”

“बोल.”

“एक पॉइंट दोन. इथे छताशी.”

तीन. तिने ते मोठ्याने म्हटलं नाही. पण त्याने तिकडे हिशेब केला असणार, कारण त्याचा श्वास तिला ऐकू आला.

“काठी छताला टेकली का?” तिने विचारलं.

“नाही. इथे छत पडलंय ना काल. वर खड्डा झालाय. दोन हात असेल आणखी. वरचं दिसत नाही.”

हलका गॅस वर जातो. वर जाऊन बसतो. हे तिने त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि त्याला ते आत्ता सांगायची गरज नव्हती.

“तारा सोड,” ती म्हणाली. “किल्ली गळ्यातच ठेव. मुकादमाला हाताला धर आणि चल.”

“भोकं भरलेली आहेत.”

“असू देत.”

“मुकादम म्हणतो तो नाही येणार. त्याची नोकरी जाईल.”

“त्याला सांग, माझी गेली. एक पुरे.”

तिकडे काहीतरी झटापट झाली. मुकादमाचा आवाज, मग धाकट्याचा, आणि तिने आजवर त्याला मुकादमाशी तसं बोलताना ऐकलं नव्हतं. मग तो फोनवर आला. “निघतोय. वीस मिनिटं लागतील. हळू चालतो, काही न आपटता.” आणि जरा थांबून, “ताई, तू हे आधी...” पण पुढचं तो बोलला नाही. फोन ठेवला.

वीस मिनिटं म्हणजे किती असतात ते तिला त्या दिवशी कळलं.

मॅनेजर अंगणात आला होता. हातात तिचा फॉर्म. त्याने खालची वीज तोडली, वर आलेल्यांना बाहेरच्या फाटकापर्यंत नेलं. पिंजऱ्याच्या दोरावरच सगळ्यांचे डोळे. पंपवाला कशावरून साहेबाला म्हणाला, “साहेब, जागा आहे का ते विचारलं होतं ना मी. राहू दे.” कोणी हसलं नाही. त्यालाही हसायचं नव्हतं.

बारा पंचविसाला दोर हलला. पिंजरा वर आला. आधी मुकादम, चेहरा काळवंडलेला, कोणाकडे न बघता. मागे धाकटा. तो सरळ ताईकडे आला. पट्ट्याचा मीटर काढला आणि तिच्या हातात ठेवला. तिने हात पुढे केला तर मागे सरकला.

ताई आणि धाकटा फाटकाकडे चालत होते, तिघं-चौघं मागे, तेवढ्यात साडेबाराचा भोंगा वाजला.

तो भोंगा घड्याळावर चालायचा. बार उडण्याआधीची सूचना. तो बंद करायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळे जागच्या जागी थांबले. धाकट्याने गळ्यातली किल्ली मुठीत घट्ट धरली, जणू खाली खाणीत कोणीतरी बसलंय आणि ती ओढून नेणार आहे. भोंगा पूर्ण वाजला. थांबला. जमीन हलली नाही.

“आता?” मुकादम म्हणाला. “भरलेली भोकं तशीच. कोणीतरी जाऊन बघायला लागेल ना. किती गॅस आहे ते तरी.”

“कशाने बघणार?” मॅनेजर म्हणाला.

रॅकवर वीस मीटर होते, अंगणात वीस, सगळे एकमेकांशी तंतोतंत जुळणारे.

धाकट्याने ताईच्या दुसऱ्या हातातल्या म्हाताऱ्याकडे बघितलं. “तो दे. मी जातो. भोकं मी भरलीत.”

“नाही.”

“का नाही? तो बरोबर आहे म्हणालीस ना?”

“मी असं कधीच म्हणाले नाही. हासुद्धा मीच जुळवलाय.”

“मग खाली किती आहे ते कोण सांगणार?” तो ओरडला. सगळ्यांसमोर, मोठ्या बहिणीवर. “अकरा वर्षं काय करत होतीस मग तिथे बसून?”

तिला रडू आलं नाही. यावं असं वाटत होतं. ती म्हणाली, “तुम्ही वर येत होतात तेव्हाच दुसरीकडून सिलिंडर मागवलाय. दुसऱ्या कंपनीचा. संध्याकाळी येईल. तोवर कोणी जाणार नाही.”

“आणि तो बरोबर कशावरून?”

हे कशावरून साहेबाने विचारलं नव्हतं. तो फाटकाच्या खांबाला धरून उभा होता, खाली बघत. विचारलं होतं मॅनेजरने, आणि त्याला खरंच उत्तर हवं होतं.

साठ माणसं फाटकाशी उभी. उन्हात अंगण रिकामं, पिंजरा उघडा, खोलीचं दार उघडं. एकच आवाज होता, मोठ्या पंख्याचा. खालची हवा ओढून बाहेर टाकणारा, जमिनीवर बसवलेला, कधीच बंद न होणारा. इतका रोजचा की एरवी तो कोणाला ऐकूच यायचा नाही. आता सगळे तोच ऐकत होते.

मग तो आवाज जरा दबला. सूर खाली आला. खाली काही फुटलं किंवा कोसळलं की हवेचा जोर उलटा लागतो आणि पंखा असा दबतो, हे तिथे काम केलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मॅनेजरने मागे वळून हात उंच केला आणि ओरडला, “मागे! सगळे मागे!”

धाकट्याने ताईचा दंड पकडला आणि तिला ओढत पळायला लागला.